गप्प राहायचं, पण खोटं बोलायचं नाही

पुण्यात रूम बघायला गेलं की पहिली दहा मिनिटं सगळं मस्त चालतं. आडनाव गायकवाड, बोलणं अस्सल राहुरीकडचं, घरमालकीण काकू चहा टाकतात, डिपॉझिट ठरतं, आणि मग विषय निघतो की रविवारी सकाळी गेट किती वाजता उघडायचं, तेव्हा मी म्हणते की लवकर लागेल, चर्चला जाते. मग जराशी शांतता. आणि मग ते ठरलेलं वाक्य, "अय्या, ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" मी त्या वेळी चार रूम बघितल्या होत्या, त्यातल्या दोन ठिकाणांहून संध्याकाळी फोन आला की भाच्याला द्यायची ठरलीये. दोन्हीकडे भाचाच, हे एक नवल.

माझ्या पणजोबांच्या पिढीत आमच्याकडे बाप्तिस्मा झाला, म्हणजे मी नवीन नाही, पण ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, आधी हॉस्टेलमध्ये बऱ्याचदा एकटीच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एक माणूसही पुरता भरत नाही, आणि त्यातले कितीतरी मुंबई, ठाणे, वसई, पुण्यात. बाकीकडे जो आहे तो एकटाच दुकटा. शिवाय काहीजण असे की घरात फक्त त्यांनीच विश्वास धरलाय, आईवडील, भाऊ, सासर कुणालाच ते पटलेलं नाही. त्यांचं माझ्यापेक्षा दहापट अवघड आहे. हे दोघांसाठी लिहितेय. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, बायबल कॉलेज केलेलं नाही, पंधरा वर्षं धडपडून जे कळलं ते सांगते, पटेल ते घ्या.

आधी माझी फजिती सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पहिल्या नोकरीत गणपतीला आरती झाली, पेढा पुढं आला. मला देवापुढचं खायचं नव्हतं पण तसं सांगायची लाज वाटली, म्हणून पटकन म्हणलं, "नको, मला शुगर आहे." वय तेव्हा चोवीस. बिचाऱ्या सगळ्यांना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवसापासून माझा चहा बिनसाखरेचा, एकीने घरून मेथ्यांची पावडर आणून दिली, कुणी कारल्याचा रस सांगितला. आणि मग नोव्हेंबरात कुणाच्या तरी वाढदिवसाला मी केकचा मोठा तुकडा हाणला, क्रीमसकट. कुणी काही बोललं नाही, नुसतं बघितलं. त्या दिवसानंतर मी ख्रिस्ती आहे हे कळलं तेव्हा त्यांच्या लेखी मी 'ती खोटं बोलणारी ख्रिश्चन' झाले. पेढा नाकारला म्हणून कुणी रागावलं नसतं हो, आजही मला तसंच वाटतं.

तेव्हापासून एकच नियम केला. गप्प राहणं चालेल. विचारल्याशिवाय सांगायची सक्ती कुणावरच नाही, येशूनेसुद्धा रोमन सुभेदार पिलातापुढं कित्येक प्रश्नांना उत्तर दिलं नाही. पण खोटं बोलायचं नाही. गप्प राहून माणूस आतून कमी होत नाही, खोट्याने होतो, कारण मग ते खोटं सांभाळण्यातच सगळी ताकद जाते आणि प्रार्थनेला बसलं की तेच आठवत राहतं.

वही काढा, आधीच ठरवा

हे खरंच करा. एक पान घ्या, मध्ये रेघ मारा. एकीकडे लिहा की कुठं वाकणार, दुसरीकडे की कुठं नाही. कारण आयत्या वेळी, समोर ताट धरून बॉसची बायको उभी असताना, माणूस विचार करत नाही, तोंडातून काहीतरी निघून जातं (शुगर!). बायबलात दानिएलाच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे बघा, दानिएल हा बाबेलला धरून नेलेला यहुदी तरुण, राजाच्या ताटातलं खाऊन विटाळायचं नाही असं त्याने मनात आधी ठरवलं, मग अधिकाऱ्याशी जाऊन नीट बोलला, दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन बघा म्हणाला. आरडाओरडा नाही, उपोषण नाही, दहा दिवसांची ट्रायल मागितली. आणि नाव बदललं, परक्यांची भाषा शिकवली, परक्या राजाची नोकरी दिली, ह्या सगळ्याला तो हो म्हणाला होता. म्हणजे त्याचीही रेघ कुठंतरी होती, सगळीकडे नव्हती.

माझ्या पानावर न वाकण्याच्या बाजूला चारच ओळी आहेत. रविवारची उपासना, देवापुढचं न खाणं, हात जोडून पूजेत भाग न घेणं, आणि मी कोण हे सरळ विचारलं तर नाकारायचं नाही. वाकण्याच्या बाजूला मात्र पानभर आहे. तुमच्या ओळी वेगळ्या असतील, असू देत, पण दहा-बारा झाल्या तर परत विचार करा, त्यातल्या बऱ्याच देवाच्या नसून आपल्या अहंकाराच्या निघतात.

प्रार्थना कुठं करायची, दार तर नाहीये

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर. चौघींच्या हॉस्टेल रूममध्ये कुठलं दार. माझी आजी सांगायची की तिची आई जात्यावर दळताना प्रार्थना करायची, जात्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नसे आणि सासूला वाटायचं ओव्या म्हणतीये. मी हे कात्रजच्या बसमध्ये करते. खिडकीची सीट मिळाली की डोळे मिटायचे, लोकांना वाटतं झोपलीये.

जमेल असं सांगते. दहा मिनिटं, पण रोज त्याच वेळी आणि त्याच जागी, मग ती जागा गच्चीवरची पाण्याची टाकी का असेना. पहाटे तासभर वगैरे ठरवू नका, तीन दिवसांत मोडतं आणि मग अपराधी वाटून पुढचा महिनाभर काहीच होत नाही. फोनमध्ये बायबल ॲप ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका, घरात फोन बघणारे असतील तर अजिबातच नको. पाठ करा. स्तोत्र २३ बहुतेकांना येतंच, त्याच्या जोडीला १२१ आणि २७. पाठ असलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि रात्री अडीचला झोप उडते तेव्हा लाईट लावायला लागत नाही.

आणि जे त्रास देतात त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा. हे ऐकायला फार पवित्र वाटतं पण त्याचा एक भलताच व्यवहारी फायदा आहे, ज्या टीम लीडसाठी सकाळी बसमध्ये प्रार्थना केली त्याच्या चुगल्या दुपारी पँट्रीत करायला जड जातं. निदान अर्ध्याच होतात.

सण, प्रसाद, वर्गणी

सगळ्यात जास्त प्रश्न इथंच येतात म्हणून जरा सविस्तर.

बायबलात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, नामान नावाच्या अरामी सेनापतीची गोष्ट आहे. कोड बरं झालं, यार्देन नदीत सात बुड्या मारल्या, हे सगळ्यांना संडे स्कूलपासून माहीत. पण शेवट कुणी सांगत नाही. बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, आता मी दुसऱ्या कुठल्या देवाला यज्ञ करणार नाही, पण एक अडचण आहे, माझा राजा त्याच्या रिम्मोन देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मला त्याच्याबरोबर वाकावं लागतं, तेवढ्याची देव मला क्षमा करो. आणि अलीशा त्याला ना झापतो, ना लांबलचक उपदेश देतो. म्हणतो, शांतीने जा. बस. आमच्या पाळकसाहेबांना मी ह्यावर बोलताना कधी ऐकलं नाही, का कोण जाणे. मला तर जेव्हा जेव्हा ऑफिसच्या सत्यनारायणाला मागं उभं राहून अवघडल्यासारखं होतं तेव्हा नामान आठवतो, की ह्या अडचणीत मी पहिली नाही.

दुसरा आधार प्रेषित पौलाचा. ग्रीसमधल्या करिंथ शहरात बाजारातलं मटण बऱ्याचदा मूर्तींपुढं वाहिलेल्या जनावरांचं असायचं, तर खायचं का नाही ह्यावरून मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांत, भांडणं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात तो म्हणतो की कुणी जेवायला बोलावलं आणि जायची इच्छा असेल तर पुढं वाढलेलं गुमान खा, चौकशा करत बसू नका, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, तेही त्या सांगणाऱ्यासाठी. किती माणसात राहून लिहिलंय हे!

तर मी काय करते. गणपतीत मंडपात जाते. खुर्च्या लावते, लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं मी बघते, ते दरवर्षी माझ्याकडेच असतं. आरती सुरू झाली की मागं उभी राहते, टाळ्या वाजवत नाही आणि तोंडही वाकडं करत नाही. ताट हातात आलं तर शेजारणीकडे देते. प्रसादाला एकच वाक्य ठरलेलं, "काकू, देवापुढचं मी घेत नाही, आमच्यात तसं आहे, पण तुमच्या हातचं दुसरं काहीही द्या, नाही म्हणणार नाही." हे हसून म्हणायचं, आणि मग खरंच त्यांच्या घरी जाऊन दुसरं काहीतरी खायचं, नाहीतर ते वाक्य पोकळ होतं. पहिल्या वर्षी विचित्र वाटतं. दुसऱ्या वर्षी त्याच म्हणतात, "अगं तिला नको देऊ, ती घेत नाही, तिला चिवडा दे."

माझ्या काही ख्रिस्ती मैत्रिणी प्रसाद खातात, म्हणतात साखर ती साखर, मूर्ती म्हणजे काही नाहीच असं पौलच म्हणतो. त्यांचं त्यांच्यापाशी. पौलाच्याच रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचा आणि त्यांच्यावर कॉमेंट करायचं सोडून द्या. मीही सोडलंय, बरीच वर्षं लागली.

वर्गणी मी देते, पण सेक्रेटरीकाकांना सांगून, की माझे रक्तदान शिबिरात किंवा जेवणाच्या भांड्यांमध्ये धरा. ते पावतीवर तसं लिहीत नाहीत, हसतात फक्त, पण मी सांगितलेलं असतं. हळदीकुंकवाला बोलावलं तर जाते, वाण घेते, कुंकवाला नको म्हणते, गप्पा मारते. खंडेनवमीला माझ्या कॉम्प्युटरला हार घालतात, तो मी काढत नाही. कॉम्प्युटर कंपनीचा आहे.

आणि उपवास! लेंटमध्ये, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस, मी दुपारचं जेवण सोडते. सगळ्यांना आधी कौतुक आणि मग प्रश्न, "मग साबुदाणा चालतो का? शेंगदाणे? वरी?" नाही चालत म्हणलं की त्यांना माझा उपवास भयंकर कडक वाटतो आणि गुरुवारी डाळभात खाल्ला की अजिबातच वाटत नाही. समजावत बसू नका, मजा घ्या.

रजेचं एक गणित सांगते. दिवाळीत ड्युटी आपण घ्यायची, मागायच्या आधी, स्वतःहून. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना घरी जायचं असतं. मग नाताळची आणि उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) रजा मागताना मान वर करून मागता येते. मेल नोव्हेंबरातच टाका, डिसेंबरच्या वीस तारखेला नाही. रविवारच्या शिफ्टचंही तसंच, शनिवार मी करते म्हणून लिहून द्या. हक्काची भाषा शेवटी ठेवा, पण ठेवा.

घरी सांगायचं असेल तर

इथं मी ऐकीव आणि डोळ्यांदेखतचं सांगतेय. माझ्या एका मैत्रिणीने घरी सांगितलं ते गुढीपाडव्याच्या दिवशी, काका-आत्या जमलेले असताना, गुढीला नमस्कार कर म्हणल्यावर. झालं, वडील वर्षभर बोलले नाहीत, आणि ते देवापेक्षा चारचौघांत मान खाली गेली म्हणून. दुसरीने आईबरोबर मेथी निवडत बसलेली असताना सांगितलं, फक्त आईला. आई रडली, मग म्हणाली वडिलांना मी बघते, तू दिवाळीपर्यंत थांब. ह्या दोन घरांतला फरक आजही दिसतो.

म्हणून सणाच्या दिवशी नाही, पाहुण्यांपुढं नाही, आणि पाळकांना किंवा प्रार्थना मंडळातल्या कुणाला बरोबर नेऊन तर मुळीच नाही, घरच्यांना वाटतं माणसं घेऊन आली. घरात हुकूम ज्याचा चालतो त्याला सोडून ज्याचा आपल्यावर जीव जास्त आहे त्याला आधी सांगा. आणि त्यांची खरी भीती ओळखा. येशू देव आहे का नाही हा प्रश्न त्यांना नंतर पडतो. आधी पडतात ते हे, बहिणीचं लग्न जमेल का, भावकीत काय सांगायचं, तू दिवाळीला येणार का, आमचं म्हातारपण कोण बघणार, आम्ही मेल्यावर आमचं कोण करणार. त्यांना धर्मशास्त्राची उत्तरं देऊ नका. "येणार, दरवर्षी येणार, फराळ करायला आधी येणार" हे उत्तर द्या. आणि मग या.

देवघराला हात लावू नका. एका पोराने उत्साहात घरातले फोटो काढून टाकले, वर सांगत होता की विश्वासाने केलं. ते फोटो त्याच्या आईचे होते. दुसऱ्याचं काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आईला गुडघे दुखतात तर फुलं आणून द्या, फरशी पुसून द्या, पूजा तिची तिला करू द्या.

शेवटच्या विधींचं सगळ्यात कठीण. थोरला मुलगा असाल तर अग्नी कोण देणार हा प्रश्न येणारच, आणि तो स्मशानात उभं राहून सोडवायचा नसतो. भावाशी, चुलतभावाशी आधीच बोलून ठेवा, की विधी तू कर, खांदा मी देणार, खर्च मी करणार, तेरा दिवस घरातून हलणार नाही. जे असं राहिले त्यांना भावकीने पुढं फार काही बोललेलं मी बघितलं नाही. जे निघून गेले त्यांचं मात्र अजून निघतं.

वेळ लागतो, आणि वर्षांच्या हिशोबाने लागतो. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्याचा केवढा धक्का बसला ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बाई काही काळ नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच, एका छपराखाली दोन धर्म. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी, त्यांना स्वतःला पटल्यावर. टिळकांचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही, बायकोला अंधारात ठेवून केलेल्या गोष्टीचा भुर्दंड दोघांनी भरला. पण ती पाच वर्षं मला धीर देतात. तुमच्या घरी दोनच झाली असतील अजून.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ठराविक धर्मांपुरताच आहे, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मला हा अन्याय वाटतो. जात गाव विसरत नाही, कागद तेवढा विसरतो. पण बाप्तिस्मा घ्यायच्या आधी हे माहीत असू द्या, आणि फॉर्मवर काय लिहायचं ते वकिलाला विचारून खरं लिहा. धर्मांतराचे कायदेही राज्याराज्यात वेगळे आहेत. घटनेचं कलम २५ श्रद्धा पाळायचा, आचरायचा आणि सांगायचा हक्क देतं, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. तेव्हा कुणी आजारी असेल तर औषध आणून द्या, डबा द्या, पण त्याला जोडून कसलीही अट नको, तसा वासही नको.

टोमणे

"किती पैसे मिळाले?" हा जुना. मी म्हणते, "पणजोबांना विचारायला हवं होतं, आम्हाला तरी सांगितलं नाही, अजून होमलोन चालूय." "बाटगे" म्हणणारेही आहेत, त्याला मी उत्तर देत नाही, फक्त बघते, आणि पुढच्या कामाचं बोलते. "मराठी छान बोलता" ह्याला पूर्वी मी चिडायचे, आता सांगते की गोव्यात फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, मराठी ओव्यांमध्ये, तेव्हापासून प्रॅक्टिस आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही आलं तर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, हा माझा पक्का नियम. ज्याने टाकलं तो लिफ्टमध्ये भेटतोच, तेव्हा म्हणायचं, "दादा, ते वाचून मला जरा लागलं हो." बहुतेकांनी नुसतं फॉरवर्ड केलेलं असतं, वाचलेलंही नसतं.

कुणी खरंच मनापासून विचारलं, म्हणजे तू का मानतेस वगैरे, तर मात्र तयारी असू द्या. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे की आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे. माझं उत्तर दोन मिनिटांचं आहे, वडील गेले त्या वर्षाचं, आणि ते मी इथं सांगणार नाही. तुमचं तुम्ही शोधा, एकदा मोठ्याने बोलून बघा, दोन मिनिटांच्या वर गेलं तर कापा.

आता एक गोष्ट गंभीरपणे. टोमणे सहन करणं वेगळं आणि मार सहन करणं वेगळं. नवरा, भाऊ, सासरा, कुणीही हात उचलत असेल, कोंडून ठेवत असेल, पगार काढून घेत असेल, तर ते 'क्रूस वाहणं' नाहीये, ती मारहाण आहे. ११२ ला फोन करा, बायकांसाठी १८१ आहे. कुणी पाळक म्हणाले की बाई सहन कर, प्रभू बघतोय, तर त्यांना नमस्कार करून दुसऱ्या कुणाकडे जा. येशूने शिष्यांना सांगितलं होतं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, मत्तय दहा. पळणंही वचनात आहे. घरातल्या प्रार्थनासभेला बाहेरून कुणी धमकावत असेल तर तारीख, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवा, एकट्याने बाहेर जाऊन वाद घालू नका, आणि शेजाऱ्यांना अधूनमधून चहाला बोलवा म्हणजे आत काय चालतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. स्पीकर लावू नका. देव बहिरा नाही.

आपलेच लोक

हे लिहावं का नाही असा विचार करत होते. पण कधीकधी न मानणाऱ्यांपेक्षा आपल्यातलेच जास्त दमवतात. मंडळीत पण जात बघून लग्नं जमतात, जमिनीवरून कोर्टकचेऱ्या चालतात, आणि वर तुम्हाला सांगतात की टिकली का लावली, बांगड्या का घातल्या, ऑफिसात उभं राहून साक्ष का दिली नाहीस, म्हणजे येशूविषयी का सांगितलं नाहीस. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही शाकाहारीच राहिल्या, पुडिंगमध्ये अंडं आहे म्हणून खाईनात, आणि क्रूस घालायचा तर त्यावर लॅटिन कशाला, संस्कृत हवं म्हणाल्या. ज्या मठात त्या राहत होत्या तिथल्या बायकांना ते पटलं नाही. इकडे आल्यावर १८९३ मध्ये पुण्यात उलटाच आरोप, की त्यांच्या शारदासदनात, म्हणजे विधवा मुलींच्या शाळेत, त्या प्रार्थनेला बसतात तेव्हा दार उघडं असतं आणि मुली येऊन बसतात. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळ सोडून गेलं. बाईंनी दार लावलं नाही आणि कुणाला हाताला धरून आतही ओढलं नाही. मला ते उघडं दार फार आवडतं.

एक माणूस मात्र शोधाच. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. माझी एक मैत्रीण श्रीरामपूरला आहे, बुधवारी रात्री साडेनऊला फोन, पंधरा मिनिटं, त्यात दहा मिनिटं सासूबद्दल आणि पाच मिनिटं प्रार्थना. नऊ वर्षं चाललंय. व्हॉट्सॲपवरचे शंभर जणांचे प्रेयर ग्रुप ह्याची जागा घेत नाहीत.

नाताळचा फराळ

शेवटी करंज्या. आमच्याकडे नगरला नाताळात करंजी, चिवडा, शंकरपाळे, अनारसे, सगळं दिवाळीसारखंच होतं, चांदणीचा आकाशकंदीलही तोच. हे बिल्डिंगमध्ये वाटा. वीस-बावीस तारखेपर्यंत करून ठेवा, चोवीसला रात्रीची उपासना असते, तेव्हा तळत बसलात तर गाणी तेलकट आवाजात म्हणाल. डबा स्टीलचा द्या, प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका, कारण स्टीलचा डबा परत करायला माणसाला दारात यावं लागतं. बरोबर कार्ड, पत्रिका, वचनाची चिठ्ठी काही ठेवू नका, नुसता फराळ. कुणी विचारलं की हा प्रसाद का, तर खरं सांगा की नाही, आमच्यात तसं काही नसतं, फराळच आहे.

समोरच्या काकू पहिल्या वर्षी डबा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तसाच, झाकणही न उघडलेला, वॉचमनच्या हाती परत पाठवला. मी त्या करंज्या ऑफिसात नेल्या. दुसऱ्या वर्षी परत दिला. तेव्हा डबा रिकामा आला, धुतलेला, पण रिकामा, आणि आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत देत नाही, काय ते समजले. तिसऱ्या वर्षी त्यात वाटीभर साखर होती. गेल्या गणपतीत दुपारी बेल वाजली, काकू दारात, हातात माझाच डबा, आत पाच उकडीचे मोदक, वाफ येत होती. मी माझं ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर मलाच थांबवून म्हणाल्या, "नैवेद्याचे नाहीत गं, तुझे आधीच बाजूला काढून ठेवलेत. तूप घालून खा, गार होतील."